नऊ मिनिटं बारा सेकंदांचा ढावलो

१

लॅपटॉपच्या मागचं झाकण अकरा स्क्रूंनी बसवलेलं असतं. त्यातले दोन रबरी पायांखाली लपलेले असतात. घाईतला माणूस नेमके तेच विसरतो आणि झाकण तोडून बसतो. हे मला पुनमचंदनं सांगितलं, कारण मी त्याच्या काउंटरवर बोटं वाजवत होतो. हिंगोलीत बसस्टँडजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे.

"ओमप्रकाशभाऊ, तुमी जरा चहा पिऊन या."

"प्यायलो."

"मग आणखी एक प्या. तुमी असे समोर उभे राहिले का माझा हात हलतो."

मी हललो नाही. त्यानं झाकण काढलं, ब्रशनं धूळ झटकली आणि दोन्हीकडच्या खिट्या बाजूला दाबल्या. रॅमची जुनी चार जीबीची पट्टी आपोआप वर उचलली गेली. बोटभर लांबीची हिरवी पट्टी. तिच्या जागी त्यानं आठ-आठच्या दोन बसवल्या. पाकीट त्यानं माझ्यासमोर कात्रीनं कापलं होतं. नंतर मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा आलो आहे, म्हणून नोंदवून ठेवतो : पट्ट्या कोऱ्या होत्या. त्या कुणी वापरलेल्या नव्हत्या. त्यांच्यात काही असण्याची शक्यताच नव्हती.

"बॅटरी बघा," पुनमचंद म्हणाला. बॅटरी पापडासारखी फुगली होती. "ही काढून टाकतो. फुटली तर घर जाळील. नवी येईस्तोवर डायरेक्ट चार्जरवर चालवा. फक्त वायर निघाली का मशीन बंद, बराबर?"

"बरोबर. आता तरी माझं रेकॉर्डिंग परत मिळेल ना?"

"डिस्कवर जेवढं उतरलं आसंल तेवढं मिळंल. फाइल मोठी आहे, जुन्या रॅममधी मावत नव्हती, म्हणून अडकत व्हती. पण त्या टायमाला जे रॅममधीच राहिलं ते विसरा." त्यानं पट्टीवर नखानं टकटक केलं. "हिला काय बी याद राहत न्हाई. बत्ती गुल, सगळं साफ."

हे मलाही माहीत होतं. मी बीएस्सी आहे. पण त्याच्या तोंडून ऐकताना तेव्हाही बरं वाटलं नाही.

२

ते रेकॉर्डिंग मी मागच्या होळीच्या आधी केलं होतं.

आमचा तांडा वारंगा फाट्यापासून आत, कच्च्या रस्त्यानं चार किलोमीटरवर आहे. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो. इथे मी सगळं मराठीत लिहितो आहे. आईला आम्ही याडी म्हणतो. कॉलेज संपल्यावर मी ठरवलं की आपल्या तांड्यातल्या म्हाताऱ्या बायकांची गाणी उतरवून ठेवायची. लग्नात डीजे लावणाऱ्या पोरांशी मी भांडलो, आमची भाषा शाळेत का नाही म्हणून गुरुजींशी भांडलो, आणि माइक घेऊन घरोघर फिरलो. सगळं मिळालं. ढावलो तेवढा मिळेना.

ढावलो म्हणजे सासरी निघालेली मुलगी आणि तिच्या घरच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडतात ते. ते रडणंच असतं, पण सुरात असतं आणि त्यात शब्द असतात. आई लेकीला एकेक गोष्ट नाव घेऊन सांगते, लेक एकेकीचा निरोप घेते. मिठी त्यांनी स्वतः सोडायची नसते. तिसऱ्या बाईनं मध्ये यायचं, हात सोडवायचे, दोघींना पाणी पाजायचं. मग तो संपतो आणि लेक निघते.

माझी याडी रूपाबाई हिचा ढावलो ऐकून बाप्ये माणसं अंगणातून उठून जायची.

"रिकाम्या घरात काहून रडू?" ती म्हणाली. "कुणी जाऊन राहिलं का?"

"रेकॉर्डिंगसाठी, याडी. तू गेल्यावर हे कोण म्हणणार?"

"गळ्यात पडायला माणूस लागतं. भिंतीच्या गळ्यात पडू का?"

तेवढ्यात माझी बहीण शितल धावून आली. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी फाट्यापर्यंत धावत जायची आणि धावत यायची. एकोणीस वर्षांची. लग्नाचा विषयही घरात नव्हता. मी म्हणालो, "ही बसेल. बस गं."

"मला येत न्हाई ते," शितल म्हणाली. "मला पिक्चरची गाणी येतात."

"तू फक्त गळ्यात पड."

याडीनं माझ्याकडे पाहिलं. न जाणाऱ्या लेकीला ढावलो म्हणायचा नसतो, असं ती म्हणाली. मी म्हणालो, असल्या गोष्टींमुळेच आपण मागे राहिलो. हे वाक्य मी तेव्हा कुठेही वापरायचो.

दोघी बाजेवर बसल्या. सुरुवातीला शितल खुदकन हसली. मग याडीचा आवाज लागला आणि तिचं हसू थांबलं. शेजारच्या जनकाबाई, आम्ही त्यांना काकी म्हणतो, सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. त्या सोडवायला पुढे झाल्या तसा मी हात आडवा केला. "काकी, मध्ये येऊ नका. चालू राहू द्या."

पुढच्या मिनिटाला लॅपटॉप अडकला. पडद्यावरचं घड्याळ थांबलं : नऊ मिनिटं, बारा सेकंद. मी बटण दाबून धरून तो बंद केला. सगळे हसले. शितल उठून चूल पेटवायला गेली. पाणी कुणीच प्यायलं नाही.

भाद्रपदात तिला चार दिवस ताप आला आणि ती गेली.

३

हिंगोलीहून परत आलो तेव्हा दीड वाजला होता. तांड्यावर हळद शिजत होती. वाऱ्यासोबत घरात तो उग्र, मातकट वास येत होता. बापू, माझे वडील, शेतात कढईपाशी होते. याडी मागच्या ओसरीत शिजलेली हळद पसरत होती.

त्या आठवड्यात आमच्या फिडरची वीज दुपारी तीनला जायची आणि रात्री यायची. म्हणजे माझ्या हातात दीड तास होता.

याडी फारशी बोलत नसे. सहा महिन्यांत तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "तुझ्या त्या डबड्यात ती हसलेली हाय ना रे? तेवढं काढून दे." शितलचे फोटो होते. तिचा आवाज मात्र त्या एका फाइलीतच होता, आणि ती फाइल उघडतच नव्हती. आवाजाचा प्रोग्रॅम सुरू केला की 'अपूर्ण रेकॉर्डिंग सापडले, परत मिळवायचे का?' असं विचारायचा. मी होय म्हणायचो. निळी पट्टी सत्तर टक्क्यांपर्यंत जायची आणि लॅपटॉप गोठायचा. असं मी शंभर वेळा केलं असेल.

पुढच्या खोलीत एकच सॉकेट आहे. चार्जर लावला, लॅपटॉप बाजेवर ठेवला. होय म्हणालो.

सत्तर. एकाहत्तर. पट्टी अडकली नाही. शंभर.

'९ मिनिटे १२ सेकंद. परत मिळाले.'

याडीला हाक मारावीशी वाटली. पण आधी आपण तपासावं, मध्येच तुटलेलं असलं तर तिला उगाच तकलीफ, असा विचार करून मी आवाज लहान ठेवला आणि एकट्यानं ऐकायला बसलो.

४

माझा आवाज : "सुरू कर." बाजेची दोरी करकरली. शितल हसली.

मी ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. मग पुढे जाऊ दिलं. याडीचा सूर लागला. तुझी ओढणी दोरीवर राहिली गं, तुझी भाकर तव्यावर राहिली, तुझा रस्ता सकाळी तुला हाक मारील. सातव्या मिनिटाला दारात तांब्याचा आवाज. आठव्याला मी : "काकी, मध्ये येऊ नका. चालू राहू द्या."

मला माझा आवाज आवडला नाही. त्यात केवढी खात्री होती.

नऊ मिनिटं दहा. अकरा. बारा.

तेरा.

घड्याळ मोजण्यात सेकंदभराची चूक होऊ शकते, असं मी स्वतःला सांगितलं. चौदा. पंधरा. याडीचा सूर थांबलेला होता. स्पीकरमधून पंख्याची घरघर येत होती, म्हणजे खोली तीच होती. माझ्या वहीत मी त्या दिवशी पेनानं लिहून ठेवलं होतं : ९.१२ ला हँग, बटणानं बंद.

नऊ मिनिटं चाळीसला कुणीतरी नाकातून खोल श्वास घेतला. रडण्याआधी घेतात तसा.

आणि शितलनं ढावलो सुरू केला.

५

प्रोग्रॅमनं दुसऱ्याच कुणाचं रेकॉर्डिंग जोडलं असेल, हा पहिला विचार. मी वीस-पंचवीस बायकांचं रेकॉर्डिंग केलं होतं, तुकडे मिसळू शकतात. पण आवाज शितलचा होता, धावून आल्यावर थोडा फाटायचा तसा. आणि तिला ढावलो येत नव्हता. ही मुलगी मात्र कुठे न अडखळता म्हणत होती, जुन्या बायकांसारखी, प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडत.

मी टास्क मॅनेजर उघडला. फाइल वाजत असेल तर डिस्क वाचली जाते, तिथे आकडा हलतो. डिस्क शून्य होती. मेमरी, म्हणजे रॅम, मात्र वाढत होती. पाच पूर्णांक एक. पाच पूर्णांक दोन. शितलची ओळ कुठून वाचली जात नव्हती. ती तिथेच होत होती.

बापूचा निरोप घेतला तिनं. चुलीचा घेतला. माझं नाव घेतलं. माझ्या भावा, तू मला बस म्हणालास, मी बसले. त्यात राग नव्हता. राग असता तर मी लॅपटॉप मिटला असता.

मग ती म्हणाली, कपाळावर चांदणी असलेल्या तांबड्या वासराला माझ्यामागं सोडू नका.

तांबडं वासरू पौषात जन्मलं. शितलला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. खिडकीतून ते मला दिसत होतं, दावणीला, कपाळावर चांदणी. जुन्या गाईचंही एक वासरू होतं, त्याच्याही कपाळावर काहीतरी पांढरं होतं, असं मी स्वतःला पटवत होतो. ते वासरू काळं होतं.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पट्टी मागे ओढून पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. मागे जाताच आलं नाही. नऊ बाराच्या पुढे 'मागे' असं काही नव्हतंच. जे होतं ते फक्त आत्ता होत होतं, आणि पुनमचंदची टकटक मला आठवली. बत्ती गुल, सगळं साफ.

शितल थांबली. ओळ संपली म्हणून नव्हे. ढावल्यात दुसरीनं म्हणावं म्हणून थांबतात, तशी ती थांबली होती.

६

याडी दारात उभी होती. हात कोपरापर्यंत पिवळे. आवाज लहान होता, ओसरी लांब होती. तिला कसं ऐकू आलं मला माहीत नाही.

"कवापासून थांबली ती?" तिनं विचारलं.

"याडी, हे रेकॉर्डिंग आहे. काहीतरी गडबड झाली आहे त्यात."

"मी इचारलं, कवापासून थांबली?"

ती बाजेवर बसली, लॅपटॉपकडे तोंड करून नाही, शेजारी, त्या दिवशी बसली होती तिथे. हात पुढे केले आणि मिठीत कुणी घेतात तसे वळवले. सहा महिन्यांनी मी तिचा सूर ऐकला. तो जराही गंजला नव्हता. तिची ओळ संपली की लॅपटॉपमधून शितल उचलायची. शितलची संपली की याडी. दोघींमध्ये जागा उरत नव्हती. स्पीकर लहान, आवाज अजून लहान ठेवलेला, पण शितलचा आवाज बाजेच्या बाजूनं येत होता.

मी याडीच्या मागे गेलो. तिच्या पाठीवर पदर ताणलेला होता. खांद्याच्या खाली कापड पाच ठिकाणी आत दाबलं गेलं होतं. ती गाताना हलायची, पण त्या पाच जागा हलत नव्हत्या. खांद्यावर ओल उमटली होती, आणि याडीचं तोंड दुसऱ्या बाजूला होतं.

मी पुढे येऊन पुन्हा लॅपटॉपसमोर बसलो. मेमरी अकरा पूर्णांक चार.

मी काय विचार करत होतो ते लपवणार नाही. मला भीती वाटत होती. पण त्याहून मोठी एक गोष्ट होती. असा ढावलो कुणीच कधी उतरवलेला नव्हता. माझ्या बहिणीचा आवाज होता, आणि साडेतीन हात वायरीच्या टोकाला, अर्ध्या तासानं जाणाऱ्या विजेवर तो टांगला होता. तो डिस्कवर उतरला पाहिजे. मी 'जतन करा' दाबलं. पट्टी हलू लागली. चार टक्के.

७

पावणेतीनला जनकाकाकी आल्या. हातात तांब्या होता. दारातच त्यांचे पाय थांबले.

"कोण रडून राहिलं?" त्यांनी विचारलं, आणि मग, "ओम्या, दुसरी कोण हाय?"

मी पट्टीकडे पाहत होतो. एकसष्ट टक्के.

शितलचा ढावलो आता शेवटाकडे आला होता. शेवटी लेक विचारते, माझ्यासोबत कोण येणार. पहिल्यांदा सासरी जाणारीला एकटं पाठवत नाहीत, घरची एखादी बाई पाठराखीण म्हणून जाते. तिचं नाव ढावल्यात घेतात. मागच्या होळीला आम्ही इथपर्यंत पोचलोच नव्हतो.

वाट लांब हाय गं याडी, शितल म्हणाली. सोबत कोण?

स्पीकरमधून पंखा घरघरत राहिला. डोक्यावरचा पंखाही घरघरत होता. दोन्ही एकाच वेळी, एकाच लयीत.

सोबत कोण?

"सोडव तिला," जनकाकाकी म्हणाल्या. "अरे सोडव! मी पाणी देते. व्हय बाजूला."

त्या पुढे झाल्या. एकोणनव्वद टक्के. मध्ये कुणी बोललं, भांडं आदळलं, तर तेही त्यात उतरणार होतं. नाही, हेही खरं नाही. ढावलो सोडवला की तो संपतो, आणि मला तो संपायला नको होता. मी हात आडवा केला.

"काकी, मध्ये येऊ नका," मी म्हणालो. "दोनच मिनिटं. चालू राहू द्या."

बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं.

याडीनं तोंड उघडलं आणि सुरात, अगदी सोप्या सुरात म्हणाली, मी हाय ना.

तीन वाजायला दोन मिनिटं कमी होती. आमच्याकडे वीज वेळेवर येत नाही, पण वेळेआधी कधी जात नाही. त्या दिवशी गेली. पडदा काळा झाला. पंख्याची पाती हळू होत थांबली. आणि ढावलो थांबला नाही. लॅपटॉप मेलेला, याडीचे ओठ मिटलेले, आणि खोलीत दोन बायकांचा आवाज, एक श्वास, दोन श्वास, दाराच्या दिशेनं जाणारा.

बाजेची दोरी करकरली. बसलेली दोन माणसं एकदम उठली की करकरते तशी.

याडी बसलेलीच होती.

जनकाकाकींनी दारातून अंग चोरून वाट दिली. का दिली, ते त्या आजही सांगत नाहीत.

८

याडी जिवंत आहे. भरवलं की खाते, पाजलं की पिते. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, झटका नाही म्हणाले. ती बोलत नाही, आणि घशातून साधा खोकलाही येत नाही. हात अजून तसेच वळलेले असतात. झोपेत बापू ते सरळ करून ठेवतात, सकाळी पुन्हा तसेच असतात. जनकाकाकी रोज तांब्या घेऊन येतात, तिच्या मनगटाला धरून "झालं गं, पुरं आता" म्हणतात, पाणी पाजतात. उशीर झाला आहे हे त्यांना माहीत आहे. तरी येतात.

मी पुनमचंदकडे जाऊन पट्ट्या काढून तपासून घेतल्या. त्यानं यंत्रात घालून पाहिल्या. "एकदम साफ आहेत," तो म्हणाला. "काय झालं भाऊ? आज बोटं वाजवून न्हाई राहिले तुमी."

त्या रात्री वीज आल्यावर मी फाइल उघडली होती. जतन झालेलं काही नव्हतं. जुनंच रेकॉर्डिंग होतं, नऊ मिनिटं बारा सेकंद. घड्याळ बारावर थांबलं आणि थांबलेलंच राहिलं. त्यानंतर मी ते रोज ऐकतो. बापू दारात उभे राहून एकदा ऐकून गेले, पुन्हा आले नाहीत.

माझा आवाज : "सुरू कर." बाजेची दोरी करकरते. शितलचं हसणं असायचं तिथे काही नाही. याडीचा सूर लागायचा तिथेही काही नाही. पंखा घरघरतो. सात मिनिटं तो एकटाच घरघरतो. मग दारात तांब्याचा आवाज होतो आणि त्या रिकाम्या खोलीत मी, स्पष्ट आणि खात्रीनं, म्हणतो :

"काकी, मध्ये येऊ नका. चालू राहू द्या."